डोळ्याच्या नसेवरची गाठ : सांगली ते पुणे, अठ्ठावीस हप्ते

२०२३ च्या दिवाळीआधी मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. आठवी ब, भूगोल. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तो चोळत चोळतच पुढचा पेपर ओढला, तर आत्ता दिलेले मार्क मला विटकरी दिसले. मुलीला विचारलं, "हा पेन तांबडाच आहे ना गं?" ती म्हणाली, "मग काय हिरवा आहे?" दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, तांबडा. डावा झाकला, वाळलेल्या चहाच्या डागासारखा.

मागे वळून पाहिलं तर त्याआधीही खुणा होत्या. गाडीवर असताना उजवीकडच्या आरशात बघायला नजर कडेला नेली की उजव्या डोळ्यापुढं क्षणभर राखाडी पडदा यायचा आणि समोर पाहिलं की जायचा. मला वाटलं बीपी असेल. दुखत काहीच नव्हतं, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आपल्याकडं कोण डॉक्टरकडं जातं?

आधी चष्म्याच्या दुकानात गेले. नंबर बदलला म्हणाले. २,८०० रुपयांचा चष्मा आला आणि तांबडा पेन विटकरीच राहिला. यातून एक शिकले ते आधीच सांगते. दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघताना चांगला डोळा वाईट डोळ्याचं सगळं झाकून नेतो. महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून एखादी लाल वस्तू बघा. मी भिंतीवरचं कालनिर्णय वापरायचे, त्यातले रविवार लाल असतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत पाहून सांगितलं, "नसेला सूज आहे." ऑप्टिक न्यूरायटिस म्हणाले. उजव्या डोळ्याची नजर ६/९ होती, म्हणजे चांगल्या डोळ्याला नऊ मीटरवरून दिसणारं अक्षर मला सहा मीटरवर दिसत होतं. मेंदूचा साधा एमआरआय काढला, ५,५०० रुपये, रिपोर्ट नॉर्मल. मग तीन दिवस ॲडमिट करून सलाइनमधून स्टेरॉइड, पुढं अकरा दिवस गोळ्या. बिल १८,४०० रुपये झालं. तोंड भाकरीसारखं फुगलं, रात्रीची झोप गेली, साखर वाढली. पण नजर खरंच सुधारली! आम्ही गणपतीला नारळ फोडून आलो. फेब्रुवारीत ती पुन्हा घसरली, आणि आधी होती त्याच्याही खाली गेली.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, म्हणजे आता नाही. पुढं कळलं ते असं. नसेच्या साध्या सुजेत बहुतेक वेळा डोळा हलवताना दुखतं, नजर काही दिवसांत झपकन जाते आणि काही आठवड्यांत बरीचशी परत येते. माझी दुखत नव्हती आणि महिनोन् महिने हळूहळू चालली होती. स्टेरॉइडनं गाठीभोवतीची सूज तेवढ्यापुरती उतरते, म्हणून सुधारल्यासारखं वाटतं आणि चुकीच्या निदानाला बळ मिळतं. दुसरं, मेंदूच्या साध्या एमआरआयमध्ये डोळ्याच्या खोबणीतली नस नीट दिसत नाही. नसेभोवती चरबी असते, ती चित्रात पांढरी चमकते आणि गाठ तिच्यात लपते. चरबीची चमक दाबून, रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन, डोळ्यांच्या खोबणीचे बारीक काप घ्यावे लागतात. तुमचं निदान अडलं असेल तर चिठ्ठीवर नुसतं 'ब्रेन' आहे की 'ऑर्बिट, कॉन्ट्रास्टसह, फॅट सप्रेशन' आहे, एवढं विचारा. हे शब्द मला डिसेंबरात माहीत असते तर साडेपाच हजार आणि तीन महिने वाचले असते.

मार्च २०२४ मध्ये पुण्याला गेलो. नणंद कोथरूडला राहते. ती आधीच म्हणाली होती, "डोळ्याच्या नसांचे डॉक्टर, न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट म्हणून, वेगळे असतात, त्यांनाच दाखव." वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. डॉक्टर मॅडमनी पहिली पंधरा मिनिटं कुठलंच मशीन लावलं नाही. बॅटरी घेऊन एकदा या डोळ्यावर, एकदा त्या डोळ्यावर उजेड टाकत राहिल्या. डाव्यावरून उजव्यावर उजेड आला की माझी बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी व्हायची. म्हणजे त्या नसेतून उजेडाचा निरोप कमी पोचतोय. मग टेबलावरची थेंबांची बाटली उचलली. बाहुली मोठी करायच्या औषधाला लाल टोपण असतं. "डाव्या डोळ्यानं हे टोपण रुपयाभर लाल आहे असं धरा. उजव्यानं किती पैसे?"

मी म्हटलं, "तीस."

एवढ्या महिन्यांत माझ्या तांबड्या पेनाचं कुणी नीट ऐकून घेतलं असेल तर ते त्या टोपणानं.

नंतर रंगीत ठिपक्यांतले आकडे (चौदापैकी तीन ओळखता आले), नजरेच्या कक्षेची तपासणी, नसेची जाडी मोजणारं ओसीटी. कक्षेच्या तपासणीत एका वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून ठिपका चमकला की बटण दाबायचं असतं. मधेमधे काहीच दिसत नाही आणि वाटतं यंत्र बंद पडलं. पडलेलं नसतं. उजवी नजर ६/१८ निघाली. मॅडमना नसेच्या तोंडाशी नको त्या जागी वाकड्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. नेहमीची वाट चेपली गेली की रक्त आडवाटेनं जातं, त्या या वाहिन्या. त्या व्हायला बरेच महिने लागतात म्हणाल्या. म्हणजे पेपर तपासायच्या बरंच आधीपासून हे चालू होतं.

१४ मार्चला एमआरआय झाला. ११,००० रुपये. आधी रक्तातलं क्रिएटिनिन लागतं, रंगद्रव्य किडनीतून जातं म्हणून. ते सांगलीहूनच करून नेलं होतं, तेवढा एक दिवस वाचला. अंगावरचं सगळं काढायचं असतं. मंगळसूत्र निघालं, जोडवी निघेनात, शेवटी तिथल्या मावशींनी साबण लावून काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

रिपोर्टच्या आधी मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवलं. मधे काळी रेघ, दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या रेघा, रुळांसारख्या. काळी रेघ म्हणजे माझी नस. पांढऱ्या म्हणजे तिच्यावरच्या आवरणाची गाठ. नाव ऑप्टिक नर्व्ह शीथ मेनिंजिओमा. मॅडम वायर आणि तिच्यावरचं प्लास्टिक सांगत होत्या, पण मी सांगलीची. मला ऊस दिसला. कांडं ठीक आहे, पाचट जाड होत चाललंय आणि कांड्याला आवळतंय.

"कॅन्सर?" यांनी विचारलं. माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता.

"नाही. ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते, हळू वाढते, दुसरीकडं पसरत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत जास्त दिसते. हिच्यामुळं जीव जात नाही, नजर जाते."

मग मला वाटलेला सरळ प्रश्न, काढून का टाकत नाही? याचं उत्तर या आजाराचं सगळं गणित आहे, म्हणून सावकाश सांगते. नसेला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या त्याच आवरणातून नसेत शिरतात. गाठ सोलायला गेलं की वाहिन्या तुटतात आणि नस उपाशी मरते. डोळा बहुतेक आंधळा होतो. साधा तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, तीही त्याच कारणानं टाळतात. निदान चित्रावर आणि तपासणीवर करायचं. दुसरं काही नाही ना, यासाठी रक्ताच्या तपासण्या झाल्या. टीबी, सार्कॉइड (अंगात जागोजागी सुजेच्या बारीक गाठी आणणारा आजार), नसेला सूज आणणारी प्रतिपिंडं, छातीचा सीटी. त्यात ९,२०० रुपये गेले. आपल्याकडं टीबी नसेभोवतीही बसू शकतो, त्यामुळं ही पायरी गाळू नका.

मॅडमनी पाळीच्या गोळ्यांबद्दलही खोदून विचारलं. अंगावरून जास्त जायचं म्हणून मी दोन वर्षं प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेत होते, शिवाय घरात पूजा-लग्न असलं की पाळी पुढं ढकलायच्या वेगळ्या. या जातीच्या गाठींवर बऱ्याचदा तो हार्मोन येऊन अडकायची खुंटी (रिसेप्टर) असते, म्हणाल्या. "त्यानंच झालं असं म्हणत नाही, पण आता स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून दुसरा मार्ग काढा." काढला.

एका न्यूरोसर्जनचंही मत घेतलं. त्यांनी पाच मिनिटांत, "नजर शिल्लक असेपर्यंत मी हात लावणार नाही," असं सांगितलं आणि फीही निम्मीच घेतली. डोळा पूर्ण गेलेला असेल आणि बाहेर येत असेल, किंवा गाठ आत मेंदूकडं सरकत असेल, तर मग ऑपरेशन. तिथं एक अडचण आली. त्यांच्या संगणकाला सीडी घालायची जागाच नव्हती. दुसऱ्या मतासाठी जाताना चित्रं पेनड्राइव्हवर पण न्या. नुसता छापील रिपोर्ट त्यांना पुरत नाही.

ठरलं असं की तीन महिने बघायचं. गाठ स्थिर असली तर वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवतात. उपचारालाही धोके आहेत, मग घाई कशाला? डोक्याला पटलं. पोटाला पटलं नाही. मी रोज सकाळी डावा डोळा झाकून कालनिर्णयासमोर उभी. कधी रविवार लालसर वाटायचा, कधी काळा. घरातले वैतागले. मॅडमना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "रोज नको, आठवड्यातून एकदा बघा, नाहीतर भास व्हायला लागतील."

त्यातच लोकसभेची निवडणूक. ७ मेला मतदान, माझी ड्युटी आलीच. सूट मिळाली असती, पण त्यासाठी कागद घेऊन फिरायचं त्राण नव्हतं. माझ्याकडं शाई लावायचं काम. एका डोळ्याची नजर गेली की लांब-जवळचा अंदाज जातो हे तोवर मी वाचलेलं होतं, त्या दिवशी अनुभवलं. एका आजोबांच्या नखावर म्हणून टेकवलेली काडी हवेत टेकली, दुसऱ्यांदा पेरावर. ते शांतपणे म्हणाले, "बाई, बोट हिकडं हाय." चहा ओततानाही तसंच व्हायचं. यावर उपाय एकच, किटलीचं नाक कपाच्या काठाला टेकवून मग ओतायचं.

जूनच्या तपासणीत उजवी नजर ६/३६. खालचा अर्धा भाग धुक्यात. गाठीची लांबी फारशी वाढली नव्हती, पण नस हरत होती. मॅडमनी रेडिएशनच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

एका नातेवाइकानं 'गॅमा नाइफ, एका दिवसात काम' असं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नजरेची नस एकदम दिलेला मोठा डोस सोसत नाही. तोच डोस छोट्या छोट्या हप्त्यांत दिला तर सोसते. मला एकूण ५०.४ ग्रे (हे किरणांच्या डोसचं माप), रोज १.८, असे अठ्ठावीस हप्ते. सोमवार ते शुक्रवार. "यातून नजर परत येईल का?" "टिकेल, याची शक्यता चांगली आहे. बऱ्याच जणांची थोडी सुधारतेही. पण मी 'टिकेल' याच शब्दावर सही करीन." धोकेही सांगितले. डोळा कोरडा पडणं, डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पुढं वर्ष-दोन वर्षांनी खराब होणं, शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीवर परिणाम.

आता विमा. यांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती. पॅकेज २,३५,००० रुपये. २४ जूनला कॅशलेसचा अर्ज गेला. तिसऱ्या दिवशी उलटा प्रश्न आला : बायोप्सीचा रिपोर्ट जोडा. बायोप्सी करत नाहीत, असं हॉस्पिटलनं कळवलं. पुढचा प्रश्न, गाठ साधी की कॅन्सरची, ते बायोप्सीवरून कळवा. मला हसू आलं, खरंच. तिसरा प्रश्न, कॅन्सर नसेल तर रेडिएशन का? इकडं विम्याची ही तऱ्हा आणि तिकडं शेजारणी उलट बाजूनं, "रेडिएशन म्हणजे कॅन्सरच की, लपवताय कशाला?"

शेवटी रेडिएशनच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर एक पत्र दिलं. या जागी तुकडा काढल्यास दृष्टी जाण्याचा धोका आहे, निदान एमआरआयवर केलं जातं, आणि उपचार न केल्यास डोळा आंधळा होईल, एवढंच त्यात होतं. सोबत मार्च आणि जूनच्या नजरेच्या कक्षेचे छापील नकाशे लावले, शेजारी शेजारी. काळा भाग कसा वाढला ते न शिकलेल्यालाही दिसेल. १२ जुलैला १,८०,००० मंजूर झाले, उरलेले ५५,००० आमचे. हे पत्र पहिल्याच अर्जाला जोडा, माझे अठरा दिवस गेले. उपचाराआधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे नंतर मिळाले, मार्चचा एमआरआय मात्र बाहेर राहिला. शाळेत वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा घेतली. रुजू होताना फिटनेस लागतो, तो शेवटच्या दिवशीच डॉक्टरांकडून मागून घेतला.

१५ जुलैला मास्क बनवला. पांढरी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात भिजवून मऊ करतात आणि चेहऱ्यावर ओढून टेबलाला खटाखट अडकवतात. आधी ऊबदार, ओल्या टॉवेलसारखी. मग गार होत आवळत जाते. नाक मोकळं असतं, श्वास येतो, पण तोंड उघडता येत नाही आणि मला नेमकं तेव्हाच खोकायचं होतं. हातात एक रबरी फुगा देतात, दाबला की ते धावत येतात. मी पहिल्याच मिनिटाला दाबला. कुणी रागावलं नाही. केस घट्ट बांधून जाऊ नका, आंबाडा तर नकोच. मास्क त्या उंचवट्यासकट बनतो आणि रोज तोच आंबाडा तसाच बांधावा लागतो.

मास्क घालून सीटी, मग बारीक कापांचा एमआरआय, दोन्ही एकमेकांवर बसवून डॉक्टर आणि किरणांचा हिशोब करणारे फिजिसिस्ट आठवडाभर आखणी करतात. किरण कुठून यायचे, पडदा, भिंग, पिट्युटरी आणि दुसऱ्या डोळ्याची नस कशी वाचवायची.

२२ जुलै, सोमवार, पहिला हप्ता. खोलीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा मिनिटं. दुखत नाही, भाजत नाही. पण डोळे मिटलेले असताना आत निळसर उजेड लकाकून गेला आणि पोहण्याच्या तलावासारखा वास आला. घाबरून विचारलं तर तंत्रज्ञ म्हणाला, "कितीतरी जण सांगतात, काळजी नको." कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतेय.

चौथ्या दिवशी, २५ जुलैला, पुण्यात ढग फुटल्यासारखा पाऊस. सिंहगड रोडला सोसायट्यांत पाणी, रिक्षा मिळेना. हप्ता चुकला. मी एका कानाला फोन लावून सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारत होते आणि दुसऱ्या कानाला हॉस्पिटल. एक दिवस चुकला तर शेवटी जोडतात, घाबरायचं नाही, असं तिकडून कळलं. पुढं एकदा मशीन बंद पडलं, तोही दिवस मागं ढकलला. त्या दिवशी प्रतीक्षा-खोलीत आम्ही अकरा जण बसून होतो. नगरकडच्या एका मावशींनी सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटले. त्यांचा घशाचा कॅन्सर होता, त्यांना स्वतःला एकही गिळता येत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यापासून थकवा. दुपारी जेवून बसले की तशीच झोपायचे. उजव्या कानशिलावर रुपयाएवढी जागा केसांवाचून झाली, चार महिन्यांत भरली. डोळा लाल आणि कोरडा, दिवसातून सहा वेळा अश्रूंसारखे थेंब. नणंदेच्या घरी येईपर्यंत कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. नणंदेचा धाकटा त्याला "आत्या, आज कॅडबरी छापलीय" म्हणायचा. म्हणजे मी त्याची मामी, पण तो सगळ्यांना आत्याच म्हणतो.

२ सप्टेंबरला अठ्ठाविसावा हप्ता. त्या दिवशी पोळा होता. नणंदेनं पुरणपोळी केली, मी दीड खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी. गणपती सातला बसणार होते. मास्क सोबत दिला. कपाटावर पडून आहे, मुलगी टाकून दे म्हणते.

पहिले तीन महिने काहीच बदल नाही, उलट सूज येऊन नजर आणखी मंदावली होती. तेव्हा थोडे दिवस पुन्हा स्टेरॉइड. मी मनातून हरले होते. डिसेंबरमध्ये ६/१८. जून २०२५ मध्ये ६/१२, ठिपक्यांतले आकडे चौदापैकी नऊ. एमआरआयमध्ये गाठ आहे तशी आहे, रूळ तसेच दिसतात. गाठ नाहीशी होत नाही, गप्प बसते, हे आधी माहीत नसेल तर तो रिपोर्ट वाचून धक्का बसेल. आता सहा महिन्यांनी नजरेची कक्षा, वर्षातून एकदा एमआरआय, पिट्युटरीवर परिणाम झाला का ते बघायला थायरॉइड आणि कॉर्टिसॉल या हार्मोनसाठी रक्त, आणि दर वेळी बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी. त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, कुणाला तरी सोबत न्या आणि काळा चष्मा न्या.

जूनमध्ये मॅडमनी परत ती बाटली उचलली. "डाव्याला रुपया. उजव्याला?"

"सत्तर पैसे."

"मागच्या वेळी साठ म्हणाला होतात."

"मग दहा पैसे मिळाले की," हे मागून म्हणाले. मॅडमनी फाइलीत लिहिलं आणि डिसेंबरची तारीख दिली.